वृद्धांची औषधे आणि हृदयाची लय : लांबलेल्या क्यूटीविषयी सविस्तर उत्तर

प्रश्नकर्त्यांनी कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. त्यांच्या आई ७९ वर्षांच्या असून सातारा जिल्ह्यातील गावी राहतात आणि त्यांचे वजन ४६ किलो आहे. रक्तदाबासाठी अनेक वर्षांपासून अ‍ॅम्लोडिपिन, पायांवर सूज येऊ लागल्यावर दोन वर्षांपासून फ्युरोसेमाइड, वडील गेल्यानंतर मन कशातच लागेना म्हणून एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम, आणि सकाळी उपाशीपोटी पँटोप्रॅझोल व डॉम्पेरिडोन एकत्र असलेली पित्ताची कॅप्सूल, अशी त्यांची रोजची औषधे आहेत. गेल्या महिन्यात ताप आणि खोकला आला तेव्हा त्यांना अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० दिले गेले. दुसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या म्हणून ऑन्डॅन्सेट्रॉन दिले गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे त्या उठल्या आणि दारातच कोसळल्या. अर्ध्या मिनिटात शुद्ध आली, त्यामुळे पित्ताने चक्कर आली असे सर्वांना वाटले. रुग्णालयात मात्र ईसीजीवर क्यूटीसी (ठोक्यानंतर हृदयाला सावरण्यास लागणाऱ्या वेळेचा आकडा) ५३० मिलिसेकंद, म्हणजे फार लांबलेला, निघाला, रक्तातील पोटॅशियम कमी, २.९ होते, आणि मॉनिटरवर काही सेकंद वेडीवाकडी लय उमटून आपोआप थांबली. चार दिवसांनी त्या घरी आल्या. आता विचारणा अशी, की हे अ‍ॅझिथ्रोमायसिनने झाले का, रक्तदाबाची गोळीही बंद करावी का, आणि पुन्हा असे होऊ नये म्हणून घरच्यांनी नेमके काय करावे.

पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे, की अ‍ॅझिथ्रोमायसिनचा यात हात आहे, पण दोष त्या एकाच गोळीवर टाकला तर आईंना पुढच्या वेळी दुसऱ्या एखाद्या गोळीने हाच त्रास होऊ शकेल. शेवटी दिलेले औषध डोळ्यांसमोर असते म्हणून ठपका त्याच्यावर येतो. जमीन मात्र त्याआधी दोन वर्षांपासून तयार होत होती, आणि ती तयार करणारे प्रत्येक औषध कोणा ना कोणा डॉक्टरांनी योग्य वाटणाऱ्या कारणासाठीच दिले होते.

क्यूटी म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. हृदयाच्या खालच्या कप्प्यांतील पेशी प्रत्येक ठोक्याला विजेने उत्तेजित होतात आणि पुढच्या ठोक्याआधी त्यांना पुन्हा मूळ स्थितीत यावे लागते. ईसीजीवर क्यू या टोकापासून टी या लाटेच्या शेवटापर्यंतचे अंतर म्हणजे या संपूर्ण क्रियेला लागलेला वेळ. नाडीच्या गतीनुसार तो कमीजास्त होतो, म्हणून गतीचा हिशेब करून काढलेला आकडा वापरतात. त्यालाच क्यूटीसी म्हणतात. पुरुषांत साधारण ४५० आणि स्त्रियांत ४६० मिलिसेकंदांपर्यंत तो ठीक मानला जातो, आणि ५०० च्या पुढे गेला की धोका स्पष्टपणे वाढतो. पेशी मूळ स्थितीत येण्यासाठी पोटॅशियमचे कण विशिष्ट वाहिन्यांतून बाहेर पडावे लागतात. यांतील एका वाहिनीची आतली पोकळी इतकी ऐसपैस आहे, की एकमेकांशी काहीही संबंध नसलेली औषधे तिच्यात जाऊन अडकतात. प्रतिजैविक, उलटीची गोळी, नैराश्याची गोळी आणि मलेरियाची गोळी या सर्वांचा परिणाम हृदयावर एकाच ठिकाणी का होतो, याचे कारण हेच आहे.

पेशींना सावरायला उशीर लागला आणि तो उशीर हृदयाच्या सर्व भागांत सारखा नसला, तर अवेळी पडलेल्या एखाद्या ठोक्यातून खालच्या कप्प्यांची अतिजलद लय सुरू होते. ईसीजीवर तिच्या लाटा एका रेषेभोवती पीळ घातल्यासारख्या दिसतात. फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ देसर्तेन यांनी १९६६ साली तिचे वर्णन केले आणि तिला ‘तोर्साद द प्वांत’, म्हणजे टोकांचा पीळ, असे नाव दिले. त्यांची ती रुग्ण ८० वर्षांची स्त्री होती आणि तिची नाडी हृदयातील अडथळ्यामुळे मंद झालेली होती. वार्धक्य, स्त्रीदेह आणि मंद नाडी ही तिन्ही लक्षणे आजही आम्ही धोक्याच्या यादीत सर्वांत वर ठेवतो. ही लय बहुधा काही सेकंदांत आपोआप थांबते आणि माणूस शुद्धीवर येतो. थांबली नाही तर हृदय नुसते थरथरत राहते आणि मृत्यू ओढवतो. म्हणूनच वृद्ध व्यक्ती काही पूर्वसूचना न देता कोसळून लगेच उठून बसली, तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून एक सलाईन लावून घरी आणणे मला फार धोकादायक वाटते. त्या दिवशी ईसीजी काढलाच पाहिजे.

आता आईंच्या औषधांकडे क्रमाने पाहू. सुरुवात अ‍ॅम्लोडिपिनपासून झाली, आणि गंमत अशी की अ‍ॅम्लोडिपिन क्यूटी लांबवत नाही. पण त्याने अनेकांच्या घोट्यांवर सूज येते. सूक्ष्म धमन्या रुंदावून पाणी ऊतींत झिरपल्यामुळे ही सूज येते. शरीरात पाणी साठलेले नसते, म्हणून लघवी वाढवणाऱ्या गोळीने ती फारशी उतरतही नाही. तरीही व्यवहारात सूज दिसली की फ्युरोसेमाइड सुरू होते, आणि फ्युरोसेमाइड लघवीवाटे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही घालवते. एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून दुसरे औषध देण्याची ही साखळी वृद्धांमध्ये मला सर्वाधिक आढळते, आणि आईंच्या बाबतीत पुढचे सगळे त्या साखळीवर उभे राहिले असे माझे मत आहे. पोटॅशियम कमी झाले की ज्या वाहिनीचा उल्लेख वर केला ती आणखी मंदावते, आणि औषधांचा तिच्यावरचा परिणामही वाढतो.

एस्सिटालोप्रामच्या बाबतीत मात्रा महत्त्वाची आहे. त्याचेच जवळचे औषध असलेल्या सिटालोप्रामसाठी अमेरिकेच्या औषध नियामकांनी साठीपुढील रुग्णांना दिवसाला २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे, आणि युरोपात २०११ पासून ६५ वर्षांपुढील व्यक्तींसाठी एस्सिटालोप्रामची कमाल मात्रा १० मिलिग्रॅम धरली जाते. म्हणजे आई आधीच कमाल मर्यादेवर होत्या. त्यात वृद्धांच्या शरीरातून हे औषध तरुणांच्या मानाने सावकाश बाहेर पडते. पित्तासाठी पँटोप्रॅझोलऐवजी ओमेप्रॅझोल किंवा इसोमेप्रॅझोल असते, किंवा बुरशीच्या संसर्गासाठी कोणी फ्लुकोनॅझोल दिले असते, तर यकृतातील विघटन अडून एस्सिटालोप्रामची रक्तातील पातळी आणखी चढली असती. फ्लुकोनॅझोल तर स्वतःही क्यूटी लांबवते.

पित्ताच्या कॅप्सूलबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण महाराष्ट्रातील घराघरांत ती असते आणि तिला कोणी औषध समजतच नाही. तिच्यातील पँटोप्रॅझोल आम्ल कमी करते. वर्षानुवर्षे घेतल्यास काही रुग्णांत ते आतड्यातून मॅग्नेशियमचे शोषण घटवते, आणि या गटाच्या औषधांबद्दल तसा अधिकृत इशारा २०११ साली दिला गेला आहे. पण खरी अडचण जोडीला असलेल्या डॉम्पेरिडोनची आहे. पोट रिकामे होण्यास मदत करणारे हे औषध त्याच पोटॅशियम वाहिनीत अडकते. युरोपीय नियामकांनी २०१४ साली त्याचा वापर केवळ मळमळ आणि उलटीपुरता, दिवसाला ३० मिलिग्रॅमपर्यंत आणि सर्वसाधारणपणे एका आठवड्याच्या आत मर्यादित केला, आणि साठीपुढील रुग्णांत धोका अधिक असल्याचे नमूद केले. याआधी पोटाच्या अशाच तक्रारींसाठी वापरले जाणारे सिसाप्राइड याच कारणाने अमेरिकेत २००० साली बाजारातून गेले आणि भारतात २०११ साली त्यावर बंदी आली. हे सर्व माहीत असूनही आपल्याकडे डॉम्पेरिडोनयुक्त कॅप्सूल जुन्या चिठ्ठीवर, कधी चिठ्ठीशिवायही, वर्षानुवर्षे चालू राहते. ज्या वृद्ध व्यक्तीला रोज उलटी होत नाही तिला रोज डॉम्पेरिडोन देण्याचे कारण मला आजवर सापडलेले नाही.

अशा स्थितीत अ‍ॅझिथ्रोमायसिन आले. तरुण, निरोगी माणसात या औषधाचा हृदयाला होणारा धोका अत्यल्प असतो, आणि योग्य संसर्गासाठी ते चांगले औषध आहे. त्याच्याविषयी २०१३ साली अमेरिकेत जो इशारा प्रसिद्ध झाला तो मुख्यतः क्यूटी आधीच लांबलेला असलेल्या, पोटॅशियम-मॅग्नेशियम कमी असलेल्या आणि नाडी मंद असलेल्या रुग्णांसाठी होता. त्याचे अर्धे प्रमाण शरीरातून जाण्यास जवळपास तीन दिवस लागतात, म्हणून कोर्स संपला तरी परिणाम काही दिवस उरतो. उलट्यांनी आणि न खाल्ल्याने पोटॅशियम आणखी उतरले, आणि उलटी थांबवण्यासाठी दिलेल्या ऑन्डॅन्सेट्रॉननेही त्याच वाहिनीवर हात ठेवला.

ही बेरीज आकड्यांत पाहता येते. रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी २०१३ साली टिस्डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गुणांकन मांडले आहे. त्यात ६८ वर्षे वा अधिक वयाला १, स्त्री असण्याला १, फ्युरोसेमाइडसारख्या औषधाला १, पोटॅशियम ३.५ किंवा त्याखाली असल्यास २, क्यूटी लांबवणाऱ्या एका औषधाला ३ आणि अशी दोन किंवा अधिक औषधे असल्यास आणखी ३ गुण मिळतात. ६ पर्यंत धोका कमी, ७ ते १० मध्यम आणि ११ पासून पुढे जास्त. हे कोष्टक घरच्या रुग्णासाठी बनलेले नाही, तरीही आईंचा हिशेब मांडून पाहा. ताप येण्याच्या आदल्या दिवशी, पोटॅशियम अगदी उत्तम होते असे गृहीत धरले तरी, वय, स्त्रीत्व, फ्युरोसेमाइड, एस्सिटालोप्राम आणि डॉम्पेरिडोन मिळून ९ गुण होतात. पोटॅशियम तेव्हाच कमी झालेले असेल तर ११. अ‍ॅझिथ्रोमायसिनचे पाकीट तोपर्यंत दुकानातून घरी आलेही नव्हते.

दुसरा प्रश्न रक्तदाबाच्या गोळीचा. ती आपल्या मनाने बंद करू नका. रक्तदाब अनियंत्रित राहिला तर पक्षाघाताचा धोका या वयात फार खरा आहे. डॉक्टरांना एवढेच विचारा, की पायांची सूज अ‍ॅम्लोडिपिनची असू शकेल का, आणि असेल तर त्याची मात्रा कमी करून टेल्मिसार्टनसारखे औषध जोडता येईल का. या गटाच्या औषधाने अ‍ॅम्लोडिपिनची सूज बऱ्याचदा उतरते आणि मग फ्युरोसेमाइडची गरजच राहत नाही. मात्र टेल्मिसार्टन पोटॅशियम वाढवते, त्यामुळे सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून तयार होणारा आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्तातील घटक) तपासावे लागते. एस्सिटालोप्रामही एकदम थांबवण्याचे औषध नाही, आणि पतीच्या निधनानंतरचे नैराश्य हा किरकोळ आजारही नाही. सर्ट्रालिनसारखा क्यूटीच्या दृष्टीने अधिक सुरक्षित पर्याय आहे, पण बदल मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच करावा. डॉम्पेरिडोनबद्दल मात्र माझे मत स्पष्ट आहे : रुग्णालयाने ते पुन्हा सुरू केले असेल तर ते का लागते, हे पहिल्याच भेटीत विचारा.

क्यूटीव्यतिरिक्तही वृद्धांच्या लयीला औषधांचे धोके आहेत, आणि त्यांतील दोन-तीन इतके नेहमीचे आहेत की ते वगळता येत नाहीत. नाडी मंद करणारी औषधे एकमेकांवर साचतात. मेटोप्रोलोल आणि डिल्टियाझेम एकत्र दिल्यास नाडी चाळिशीखाली जाऊ शकते, हे बहुतेक डॉक्टर जाणतात. पण काचबिंदूसाठी डोळ्यात घालायचे टिमोलॉलचे थेंब नाकावाटे रक्तात शोषले जातात आणि हृदयावर तसाच परिणाम करतात, हे औषधांच्या यादीत बहुधा लिहिलेलेच नसते. माझ्याकडे एक ८३ वर्षांचे गृहस्थ पेसमेकर बसवण्याच्या सल्ल्यानंतर आले होते. नाडी ३८ होती. डिल्टियाझेमची गोळी, विस्मरणासाठी डोनेपेझिल आणि डोळ्यांचे थेंब ही तिन्ही औषधे तीन वेगवेगळ्या डॉक्टरांची होती. नेत्रतज्ज्ञांनी थेंब बदलले, डिल्टियाझेम थांबवले, आणि आठवड्याभरात नाडी ६२ वर आली. अशा सर्वांचा पेसमेकर टळतो असे नाही, पण आधी औषधांची पिशवी रिकामी करून पाहणे आवश्यक असते.

डिगॉक्सिन हे हृदयाचे जुने औषध आज कमी वापरले जाते, तरी अनेक वृद्धांकडे ते जुन्या चिठ्ठीतून चालू असते. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, आणि वृद्धांचे मूत्रपिंड अहवालात दिसते तितके सक्षम नसते. स्नायू झिजल्यामुळे क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होते. आईंचेच उदाहरण घेतले तर क्रिएटिनिन १.० हा ‘नॉर्मल’ आकडा असूनही वय आणि वजन धरून केलेला मूत्रपिंडाच्या गाळण्याचा हिशेब मिनिटाला सुमारे ३३ मिलिलिटर इतकाच येतो, म्हणजे तरुणपणाच्या कार्यक्षमतेच्या एक तृतीयांश. डिगॉक्सिन, सोटॅलॉल (हृदयाच्या लयीचे औषध), लेव्होफ्लॉक्सासिन (प्रतिजैविक) यांची मात्रा ठरवताना हा हिशेब न केल्यास औषध साचत जाते. डिगॉक्सिन साचल्याची पहिली लक्षणे भूक जाणे आणि मळमळ ही असतात, आणि तेव्हा उलटीची गोळी दिली गेली तर मूळ कारण झाकले जाते. दम्यासाठी थिओफायलिन घेणाऱ्यांना लघवीच्या संसर्गासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन दिले तर थिओफायलिनची पातळी चढून नाडी धावू लागते. थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली तर वृद्धांत अनियमित नाडी, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, सुरू होऊ शकते.

काढे आणि चूर्णे यांनाही यादीत जागा द्या. खोकल्यासाठी ज्येष्ठमध दोन-चार दिवस घेतल्याने काही बिघडत नाही, पण ते रोज आणि अनेक आठवडे घेतल्यास शरीर पोटॅशियम गमावू लागते आणि रक्तदाबही वाढतो. फ्युरोसेमाइडसोबत तर हे नक्कीच टाळावे. वत्सनाभ (बचनाग) असलेली औषधे शुद्धीकरण आणि मात्रा यांत चूक झाल्यास थेट हृदयाच्या लयीवर आघात करतात, म्हणून ती जाणकार वैद्यांच्या देखरेखीशिवाय घेऊ नयेत आणि आईंसारख्या रुग्णाने तर मुळीच घेऊ नयेत. याउलट, पोटॅशियम कमी झाले होते म्हणून आता रोज नारळपाणी आणि केळी यांचा मारा करणेही योग्य नाही. टेल्मिसार्टन किंवा पोटॅशियम शरीरात धरून ठेवणारे स्पायरोनोलॅक्टोन सुरू झाले आणि मूत्रपिंड अशक्त असले, तर पोटॅशियम वाढूनही हृदय मंदावते आणि थांबू शकते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घरातील कृतीत आहे. एक कापडी पिशवी घ्या आणि आई घेत असलेली प्रत्येक गोष्ट तिच्यात टाका : गोळ्या, थेंब, इनहेलर, मेडिकलमधून परस्पर आणलेल्या सर्दीच्या गोळ्या, काढा, चूर्ण. ही पिशवी प्रत्येक डॉक्टरांपुढे, दातांच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांपुढेही, उघडा. पाकिटांवरची घटकांची नावे पाहून एका कागदावर यादी लिहा, कारण व्यापारी नावे वेगवेगळी असली तरी आतील औषध तेच असू शकते. यादीच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘औषधांमुळे क्यूटी लांबून बेशुद्धी आली होती’ असे तारखेसह लिहा, आणि रुग्णालयातील ईसीजींचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवा. ईसीजीच्या कागदावरच्या रेषा कालांतराने पुसट होतात, आणि जुना आलेख हाती असला की नवा वाचणे फार सोपे जाते. नवे औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ‘याने क्यूटी लांबतो का’ असा थेट प्रश्न विचारण्यात कसलाही संकोच बाळगू नका. बहुतेक वेळा दुसरा पर्याय असतो : छातीच्या संसर्गाला अनेकदा अमॉक्सिसिलिन किंवा डॉक्सिसायक्लिन चालते, सर्दीला सेट्रिझिन चालते, तापाला पॅरासिटामॉल चालते. उलट्या-जुलाब सुरू झाले, जेवण सुटले, तर त्याच दिवशी फोन करून फ्युरोसेमाइड आणि रक्तदाबाच्या गोळ्या घ्याव्यात की थांबवाव्यात हे विचारा आणि पोटॅशियम तपासून घ्या. पुन्हा शुद्ध हरपली तर पुढचा कोणताही डोस न देता १०८ ला फोन करा. श्वास आणि प्रतिसाद नसेल तर छातीवर दाब देण्यास लगेच सुरुवात करा.

प्रत्येक वेळी ईसीजी काढण्याची गरज नाही. सध्याची औषधे बदलून स्थिर झाल्यावर एक, आणि पुढे क्यूटी लांबवणारे एखादे औषध टाळताच आले नाही तर ते सुरू करण्याआधी एक व काही दिवसांनी एक, एवढे पुरे. ताप असताना नाडी ११० असेल तर यंत्राने छापलेला क्यूटीसी प्रत्यक्षापेक्षा मोठा येतो, तेव्हा तो आकडा पाहून घाबरण्याआधी डॉक्टरांना हाताने मोजून बघण्याची विनंती करा.

शेवटी एक गोष्ट तुमच्या स्वतःविषयी. औषधांनी क्यूटी लांबलेल्या काही रुग्णांत हाच दोष जन्मजात, सौम्य रूपात, दडलेला असतो. तुमच्या घराण्यात कोणी तरुण वयात अचानक गेले असेल, पोहताना बुडाले असेल किंवा घाबरल्यावर वारंवार बेशुद्ध पडत असेल, तर ते आईंच्या हृदयरोगतज्ज्ञांना सांगा. तसे काही नसले तरी तुम्ही आणि तुमच्या भावंडांनी एकदा साधा ईसीजी काढून त्यातील क्यूटी वाचून घ्यावा.